भिकार शेवट

"नाताळचे सिनेमे बघायचे कशाला? शितावरून भाताची परीक्षा होते," म्हणत समीक्षकाने नव्या सिनेमाचं नुसतं पोस्टर पाहिलं आणि परीक्षण ठोकून दिलं. 'बर्फात गाडी अडणार, बेकरीवाली भेटणार आणि शेवटी हरवलेला कुत्रा दोघांचं लग्न जुळवणार! असला भिकार शेवट शेंबडं पोरही सांगेल.'

परीक्षण छापून आलं त्याच दिवशी दिग्दर्शकाचा फोन आला. 'आला रडायला,' असं पुटपुटत समीक्षकाने तो उचलला.

"सर, सिनेमा अजून लागलाच नाही हो. शेवट सुचत नव्हता, म्हणून शूटिंग अडलं होतं. तुमचं परीक्षण वाचलं आणि सुटलो!

कुत्रा मिळालाय, उद्या शूटिंग. लेखक म्हणून नाव तुमचंच टाकतोय."