खळ्यातलं पायताण

बाभळीखाली उभ्या केलेल्या कॅनव्हाससमोर अनसाक्का पायताण घालूनच येऊन उभी राहिली. चित्रात तीच होती, खळ्यावर पाटी डोक्याच्या वर धरून ज्वारी उफणणारी. धान्य सरळ पायाशी पडत होतं, भूस वाऱ्यानं बाजूला उडत होतं. शहरातून आलेल्या चित्रकारानं आठ दिवस खपून हे तैलरंगात उतरवलं होतं आणि तो स्वतःवर भलताच खूश होता.

तिची नजर चित्राच्या तळाशी गेली. "मास्तर, ही मी न्हवं."

"का हो, अक्का?"

"खळ्यात पायताण घालून कोण जातंय व्हय? लक्ष्मी असती तिथं."

तो ओशाळला. "तुमच्या टाचांच्या भेगा बघवेनात, म्हणून चित्रात तरी चपला दिल्या."

"लाज तुम्हाला वाटली, मास्तर. मला न्हाई वाटत," म्हणून ती निघून गेली.

त्यानं सुरीनं चपला खरवडून काढल्या. चेहरा एका दुपारीत झाला होता. पावलांना चार दिवस लागले. एकेक भेग, तिच्यात मुरलेली माती, अंगठ्याला चिकटलेलं भूस. रंगवता रंगवता त्याच्या ध्यानात आलं, उंच धरलेल्या त्या पाटीचा सगळा भार याच टाचांनी तोलला होता.

पाचव्या दिवशी त्यानं तिला पुन्हा बोलावलं. बाभळीखाली काट्यांचा नुसता सडा पडला होता. दहा पावलांवरून चित्र दिसलं तशी अनसाक्का थबकली. तिनं पायताण काढून बाजूला ठेवलं आणि अनवाणीच पुढं आली.