कडू घास

सलग दुसऱ्या सकाळी वरून गाणं ऐकू आलं नाही, तेव्हा लीलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. हातातलं तांदूळ पाखडायचं सूप त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि जिना चढून वर गेल्या.

वराळ्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत दोन पोरं भाड्यानं राहायची. मॉर्मन चर्चनं धर्मकार्याला पाठवलेली, विशीतली. एक राजमहेंद्रीचा कोम्मू. दुसरा टोंगा नावाच्या लांबच्या बेटावरून आलेला ताउफा, दारातून वाकून आत शिरणारा धिप्पाड गडी. पांढरा शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी. जो बोलावील त्याच्या घरी जाऊन प्रार्थना करायची, चार शब्द सांगायचे, आणि कुणाचा पत्रा चढवायचा असला तर तोही चढवून द्यायचा. उठल्यावर मात्र आधी दोघं मिळून गायचे.

कोम्मू दारातच उभा होता.

"मावशी, त्याचे वडील गेले," तो हळू आवाजात म्हणाला. "परवा. आज सकाळी माती दिली. मोबाईलवर बघितलं आम्ही."

"आन् ह्यो गेला न्हाई?"

"आमचे साहेब बोलले, जा. तिकीट पण काढतो बोलले. हाच नाही बोलला. वडिलांनी येताना सांगितलं होतं, मला काही झालं तरी काम पुरं करून ये."

कोम्मूच्या खांद्यावरून लीलाबाईंना ताउफा दिसला. टाय बांधून, बूट घालून, आता कामाला निघायचंय अशा थाटात तो खाटेच्या कडेवर बसला होता. डोळे कोरडे. गॅसवर नूडल्सचं पातेलं होतं.

"कालपासून खात नाही. उपास आहे बोलतो. रडत पण नाही." कोम्मूचाच आवाज चिरकला. "मी काय करू, मावशी?"

"त्यो गॅस बंद कर आदी," लीलाबाई म्हणाल्या आणि खाली गेल्या.

परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात थाळी होती. पिठलं आणि तांदळाच्या भाकरी. त्या उंबऱ्याशी आल्या, तसा कोम्मू ओशाळला.

"मावशी, रूममध्ये बायकांना… आमचा नियम आहे."

"मंग तुमी भाईर या. जिन्याला काय नियम न्हाई."

त्या वरच्या पायरीवर बसल्या. ताउफा मुकाट्यानं बाहेर आला आणि दोन पायऱ्या सोडून खाली बसला. तेव्हा कुठं दोघांची डोकी एका उंचीला आली.

"उपास," तो म्हणाला. गच्चीवर वाळवण राखताना लीलाबाईंनी त्याला शिकवलेल्या मराठीतला शब्द होता तो.

"उपास उद्या कर. मयत झालेल्या घरात चूल पेटवत न्हाईत. शेजाऱ्यानं भाकरी आनायची आन् घरच्यांनी दोन घास खायाचे. कडू घास म्हनत्यात त्याला."

"भाकरी कडू?"

"भाकर ग्वाडच असती रं. त्या दिशी कडू लागती."

त्यानं थाळीकडे पाहिलं, पण हात पुढं केला नाही. "घर तिकडे," तो अडखळत म्हणाला. "आई तिकडे. बहीण तिकडे. इकडे घर नाही. इकडे फक्त मी."

"तू हायस न्हवं? मंग हितंबी मयताचं घरच हाय."

लीलाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि हातातच धरून ठेवला.

"तुजा बाप तुला काय म्हनून हाक मारायचा? ताउफाच?"

"ताउफा आडनाव." इथं सगळे त्याला आडनावानंच हाक मारत, त्यांच्यात तशीच रीत होती. मग तो म्हणाला, "वडील… सेमिसी."

लीलाबाईंनी ते नाव मनातल्या मनात घोळवून पाहिलं.

"शिमशी," त्या म्हणाल्या. "शिमशी, आ कर, बाळा."

त्यानं तोंड उघडलं. घास आत गेला. तो चावता चावता थांबला आणि त्याचे एवढे मोठे खांदे गदगदा हलायला लागले. मग तो मोठ्यानं रडला, हंबरडा फोडून. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून पाहिलं आणि दार हळूच लोटून घेतलं. कोम्मू त्याच्या पाठीवर हात ठेवून बसला. लीलाबाई दुसरा घास हातात धरून वाट बघत राहिल्या. रडणं जरा ओसरलं की भरवायच्या, पुन्हा थांबायच्या. मधेच एक घास त्यांनी कोम्मूपुढं धरला.

"तूबी घे. भाऊच हायस त्याचा."

थाळी बाजूला ठेवली तोच ताउफाचा फोन वाजला. त्याची आई होती. तिकडं दिवेलागण झालेली. तिच्या मागं काळे कपडे घातलेल्या बायका चटयांवर दाटीनं बसल्या होत्या.

"आमच्यावानीच बसल्यात की," लीलाबाई पुटपुटल्या आणि त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.

आईनं लेकाचे सुजलेले डोळे पाहिले. ती काहीतरी बोलली, तो काहीतरी बोलला. मग त्यानं फोन लीलाबाईंकडं वळवला. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. आईनं डोळे पुसले आणि थेट लीलाबाईंना काहीतरी विचारलं.

सेमिसीनं अर्थ सांगायला तोंड उघडलं, पण लीलाबाई थांबल्या नाहीत.

"व्हय, जेवला," फोन जवळ ओढून त्या म्हणाल्या. "येकच भाकर खाल्ली, पर जेवला."