नकाशाच्या जागी कावळा

मंगळावरच्या वसाहतीत रोज सकाळी स्पीकरवर कावळा ओरडायचा आणि कुणीतरी म्हणायचंच, "आज पाहुणा येणार." पृथ्वीवरून यान येणं बंद होऊन वीस वर्षं झाली होती.

नेटवर्क सांभाळणाऱ्या वृंदाला शेवटी तो सापडला. नकाशा अपलोड करायच्या जागी सॉफ्टवेअर कुठलीही फाइल न तपासता घेत होतं, आणि तिथं म्हाताऱ्या गुरवकाकांच्या खात्यातून कावळ्याच्या आवाजाची फाइल टाकलेली होती.

"गुरवकाका, हे तुमचं काम ना?"

"पृथ्वीवरच्या आमच्या अंगणातला आवाज आहे गं. राहू दे की."

"याच वाटेनं कुणी हवेचे पंप बंद करील, काका. या वाटेनं आलेलं सगळं पुसावं लागेल."

काकांनी एकदा स्पीकरकडे पाहिलं. "पूस," म्हणाले.

दुसऱ्या सकाळी वसाहत चिडीचूप होती. मग वृंदाच्या दाराबाहेर कुणीतरी घोगऱ्या आवाजात ओरडलं, "काव, काव!"

तिनं दार उघडलं. गुरवकाका उभे होते.

"या," ती म्हणाली, "आलाच की पाहुणा."