जिभेचं वजन

गाडीमागे जोडायच्या आमच्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात माझी बायको नीलांबरी दर ट्रिपला दगडी पाटा-वरवंटा ठेवायची. मिक्सरमधली चटणी तिला चालत नसे.

"किती हे जिभेचे चोचले! गाडीनं दगड ओढायचे का?" मी दर वेळी म्हणायचो.

"चटणी खाताना बरे गप्प असता," ती म्हणायची.

ती गेल्यानंतर या मार्चमध्ये मी पहिल्यांदाच ट्रेलर बाहेर काढला. सोबत लेक नेत्रा होती. पाटा-वरवंटा गराजमध्ये ठेवला आणि मिक्सर घेतला. आमचं फ्रिस्को शहर सोडून हायवेला लागलो, तर ट्रेलर मागे डुलायला लागला. नेत्रा घाबरली.

"बाबा, धिस इज नॉट सेफ. घरी गेलो की विकून टाकू."

वाटेतल्या दुरुस्तीच्या दुकानात मेकॅनिकनं ट्रेलर गाडीला जोडायच्या हिचखाली वजनकाटा लावला.

"टंग वेट कमी पडतंय," तो म्हणाला. "म्हणजे ट्रेलरचा पुढून गाडीवर पडणारा भार. पुढून काही जड काढलंत का?"

मी नेत्राकडे पाहिलं. तिला आधीच हसू फुटलं होतं.

"आईच्या जिभेचं वजन!" ती म्हणाली.

हळूहळू गाडी चालवत घरी परतलो, पाटा-वरवंटा पुढच्या कप्प्यात ठेवला आणि पुन्हा निघालो. आता ट्रेलर मागे अगदी सरळ येत होता.

"मग, विकायचा का?" मी विचारलं.

"चटणी तुम्ही वाटणार असाल तर नाही," नेत्रा म्हणाली.

मिक्सर आम्ही गराजमध्ये ठेवून आलो होतो.