सांग त्यांना

“वैष्णवी, सांग त्यांना, चहा निवायलाय.”

स्वयंपाकघरातून प्रमोदिनीकाकूंचा आवाज आला. ज्यांना सांगायचं ते त्यांचे यजमान, रिटायर्ड मास्तर रेणुकादास, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपरातून डोकं काढलं नाही.

“वैष्णवी, आईला म्हणावं, साखर कमी पडली.”

“वैष्णवी, त्यांना सांग, डॉक्टरांनी तेवढीच सांगितलीय.”

धम्मप्रियानं ओठ दाबून हसू आवरलं आणि समोरचा रेकॉर्डर चालू आहे ना, ते पाहिलं. नांदेडला विद्यापीठात तिचं संशोधन चाललं होतं ते नेमकं याच्यावर. अबोला धरलेली माणसं एकमेकांशी बोलतात कशी? अबोला म्हणजे न बोलणं, असं फक्त शब्दकोशाला वाटतं. संसार म्हटला की दळण, गॅस, औषधं, आलागेला, सगळ्याला तोंड उघडावंच लागतं. मग एक माणूस मध्ये उभा करायचा आणि त्याच्या आडून बोलायचं. तिनं पेपरात आवाहन दिलं होतं, ते वाचून रेणुकादास सरांनी स्वतःच फोन केला होता. “आमच्याकडं ये लातूरला. असा अबोला तुला कुठं सापडायचा न्हाई.”

खरंच सापडला नसता. दोघं एका घरात, आणि सगळा कारभार मधल्या खोलीतल्या पोरीच्या नावानं. मधल्या खोलीला इस्त्री केलेला पडदा होता. पहिल्याच दिवशी धम्मप्रियानं विचारलं होतं, वैष्णवीशी दोन शब्द बोलू का म्हणून.

“ती न्हाई बोलायची,” एवढंच म्हणून काकू आत गेल्या होत्या.

धम्मप्रियानं जास्त ताणलं नाही. त्या वयात तीही पाहुणे आले की आत दडी मारायची. शिवाय तिचे गाईड नेहमी म्हणत, अबोल्यातल्या मधल्या माणसाला निरोप पोचवावा लागतच नाही, दोघांनीही तो ऐकलेलाच असतो. त्याचं काम नुसतं असण्याचं. तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये वैष्णवीचा आवाज कुठंच नव्हता, याचं तिला नवल वाटलं नाही.

मधल्या माणसाचे हाल तिला कुणी शिकवायला नको होते. नायगावला तिनं सगळं लहानपण चुलीपासून ओसरीपर्यंत धावण्यात काढलं होतं. आई चांगुणा म्हणायची, “सांग तुझ्या बापाला.” बाप भीमा म्हणायचा, “सांग तुझ्या मायला.” तेव्हा तिला त्याचा मनस्वी वैताग यायचा. शेवटचा अबोला एका शेळीवरून झाला. तो सुटायच्या आधीच भीमा शेतात बसल्या जागी गेला. चांगुणा मग त्याच्याशी सरळ बोलली, खूप बोलली, पण ऐकायला तो राहिला नव्हता. आता नायगावच्या घरात कुणी कुणाला काही सांगायला पाठवत नाही. बसस्टँडवर एखाद्या बाईनं पोराला “सांग तुझ्या बापाला” म्हटलेलं कानावर पडलं, तरी धम्मप्रियाचे पाय थबकतात.

“सर, अबोला कशावरनं झाला?” तिनं विचारलं.

सरांनी पेपराची घडी घातली. “स्कुटीवरनं. पोरीला कॉलेजला जायला मी घेऊन दिली. हिला नको होती. रिंगरोडला ट्रकची लई गर्दी, म्हणायची.”

“मग?”

“मग काय. गाडी आता न्हाई घरात.”

“म्हणजे शेवटी काकूंचंच खरं झालं की!” धम्मप्रिया हसली.

“हाव,” सर म्हणाले. “तिचंच खरं झालं.”

“वैष्णवी,” आतून आवाज आला, “त्यांना सांग, नळ आलाय.”

लातुरात नळ आला की रुसवेफुगवे बाजूला ठेवावे लागतात. सर उठले, पाइप ओढला, टाकीला लावला. काकूंनी घागरी पुढं सरकवल्या. दोघांचे हात एकाच पाइपाला लागले, पण नजर कुणी वर केली नाही. धम्मप्रिया ते पाहत राहिली आणि तिला भरून आलं. भांडणाचं मूळच घरातून गेलं, तरी ही दोन माणसं हट्टाला पेटलेली. मध्ये ती बिचारी पोर!

संशोधकानं ऐकायचं, मध्ये पडायचं नाही, असा गाईडचा दंडक होता. तिनं रेकॉर्डर बंद केला.

“सर, संशोधन जाऊ द्या. माझा बाप अबोल्यातच गेला. माय अजून मनात शब्द साठवून बसलीय, अन् ते द्यायला माणूस न्हाई. तुम्ही एकदा सरळ बोला काकूंशी. त्या मधल्या पोरीला मोकळं करा.”

सरांनी पडद्याकडे पाहिलं.

“मोकळं करू म्हणतेस?”

“हाव, सर.”

“मलाबी तेच वाटायलंय, बेटा. म्हणून तर तुला बोलावलं. एकट्याला धीर होईना.”

ते उठले. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन चौकटीला धरून उभे राहिले. मास्तरकीत हजारो तास बोललेला माणूस, पण घसा दोनदा खाकरावा लागला.

“प्रमोदिनी,” ते म्हणाले, “जेवलीस का गं?”

आतली भांड्यांची वाजावाज थांबली.

धम्मप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या घरात राहून गेलेलं इथं घडलं होतं. तिनं आनंदानं पडद्याकडे पाहिलं. आता तरी पोरगी बाहेर येईल, असं तिला वाटलं. पडदा हलला नाही.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत.

“असं कामून केलंत हो?” त्या म्हणाल्या. “अबोला होता म्हणून तरी पोरीचं नाव घेता येत होतं. आता गेलेल्या लेकराला कोणत्या निमित्तानं हाक मारू?”