प्लेऑफची दाढी

"आधी ती दाढी काढ. रविवारी मुलीकडची माणसं यायचीत!" कॅनडात आल्यापासून कुमुदताईंना लेकाचा चेहरा धड दिसलाच नव्हता.

"आई, प्लेऑफ चालू आहेत. आपली टीम हरेपर्यंत कुणी दाढी करत नाही. आणि तू सोफ्यावर बसलीस की आपण जिंकतो, तेव्हा हलायचं नाही!"

म्हणजे आइस हॉकीची ही टीम हरायलाच हवी होती. शनिवारी सेमीफायनल रंगात आल्यावर कुमुदताई गुपचूप उठल्या आणि स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या. समोरच्या टीमसाठी त्यांनी गणपतीला मोदकही कबूल केले. तेवढ्यात बाहेरून लेकाची आरोळी आली. टीम फायनलला पोचली होती.

रविवारी त्यांनी दार उघडलं. मुलीचे वडील त्याच टीमची जर्सी घालून उभे होते आणि त्यांची दाढी लेकाच्या दाढीहून दाट होती. मुलाची हनुवटी निरखून ते खूश झाले.

"मागचा मुलगा गुळगुळीत निघाला. चहा न पिताच उठलो आम्ही. बरं, काल जिंकलो तेव्हा तुम्ही कुठं बसला होतात?"

"आत... मटार सोलत होते," कुमुदताई पुटपुटल्या.

"मग फायनललाही मटारच सोलायचे, विहीणबाई!"