आग्रहाची जिलबी

जिलबीची परात जवळ आली तसा विद्याधरचा हात आपसूक मृदुलाच्या पानावर आडवा झाला. लग्न झाल्यापासून प्रत्येक पंगतीत तो असाच आडवा होत आला होता.

"अहो, हात काढा," ती हळूच म्हणाली.

तो ओशाळला. तिच्या स्वादुपिंडावर तुटून पडणाऱ्या तिच्याच शरीरातल्या पेशींना डॉक्टरांनी गेल्या वर्षी आवरलं होतं. मग रोपलेल्या नव्या पेशी निर्धास्तपणे इन्शुलिन तयार करू लागल्या आणि जेवणाआधीची सुई सुटली. सवय तेवढी त्याच्या हातात राहिली होती.

"काकू, किती वाढू?" पुतण्याने विचारलं.

"मला एक पुरे. काकांना चार वाढ."

"काका गोड कुठे खातात?"

"आवडतच नाही मला," विद्याधर नेहमीसारखं म्हणाला.

"पैजा लावून जिलब्या खायचात, हे सासूबाईंनी मला केव्हाच सांगितलंय," मृदुला म्हणाली. "माझाच इलाज नव्हता, म्हणून इतकी वर्षं गप्प बसले."

विद्याधरचा हात आता स्वतःच्या पानावर आडवा होता. तिने तो उचलून आपल्या हातात घेतला आणि चारही जिलब्या वाढून होईपर्यंत सोडला नाही.